दक्षिणेची वाट : मुक्कामांपासून तासांपर्यंत

ग्वाल्हेरहून पुणे सरळ रेषेत सुमारे 965 किलोमीटर आहे आणि मुंबईही जवळजवळ तितकीच. विमान हे अंतर दोन तासांच्या आसपास कापते. आपले पूर्वज याच अंतरावरून आले, तेव्हा हिशेब तासांचा नव्हता, मुक्कामांचा होता. आपल्या वस्तीचे नावच त्याची साक्ष देते. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी दिली. ती उठलीच नाही. तिचेच लष्कर झाले.

त्या काळी बातमी माणसाच्या पुढे धावे, पण तिलाही दिवस लागत. पानिपतचा रणसंग्राम 14 जानेवारी 1761 रोजी झाला. नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशाला होते. सावकारी पत्रातून त्यांना पराभव कळला तो 24 जानेवारीला, म्हणजे दहा दिवसांनी. रणातून वाचलेले अनेक जण पुढे आपल्या ग्वाल्हेरात आले.

माणसाच्या प्रवासाचा बोलका दाखला विष्णुभट गोडसे यांचा. हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने मार्च 1857 मध्ये ते काकांबरोबर निघाले. महूच्या वाटेवर बंडाची बातमी कळली, तरी मागे फिरले नाहीत. ग्वाल्हेर पाहिले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि तीनेक वर्षांनी घरी पोचले. हाती पैसा नव्हता, गंगेची कावड मात्र होती. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये प्रसिद्ध केला तो चिंतामण विनायक वैद्य यांनी, जे आपल्याच ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे गाणे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्यांचेच शिष्य.

1881 मध्ये आग्र्याकडून ग्वाल्हेरला रेल्वे आली, 1889 मध्ये झाशी जोडली गेली आणि मुंबईची वाट खुली झाली. 1912 मध्ये पंजाब मेल सुरू झाली. सुमारे सव्वाबाराशे किलोमीटरचा लोहमार्ग, पण महिन्यांचा प्रवास एका रात्री-दिवसावर आला. 10 मार्च 2024 रोजी महाराजपुऱ्यात विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले.

वाट आखडली, तसा मुक्कामही आखडला. आम्ही नोकरदार दोन दिवसांची रजा टाकून मुंजीला जातो, अक्षता टाकतो नि परततो. रजा वाचते, हे खरे. पण पूर्वी मुले आजोळी महिनाभर राहत आणि येताना तिकडची मराठी घेऊन येत. दोन दिवसांत पेढ्यांचा पुडा येतो, भाषा येत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच : जायला दोन तास लागोत, पण येत्या सुटीत मुलांना तिकडे महिनाभर राहू द्या. आणि तिकडच्या भाचरांनाही इकडे बोलवा. लष्कर त्यांचेही आहे.