साथरोगातील बाह्यता
एखाद्या व्यवहाराचा त्यात सहभागी नसलेल्यांवर होणारा, पण किमतीत न उतरणारा परिणाम म्हणजे बाह्यता होय. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात या विषयाची सविस्तर मांडणी केली. कारखान्याचा धूर हे तिचे नेहमीचे उदाहरण असले, तरी साथरोगात ती अधिक ठळकपणे दिसते.

बाधित व्यक्ती कामावर गेल्यास मजुरी तिला मिळते; संसर्गाचा खर्च मात्र सहकारी, शेजारी आणि रुग्णालये सोसतात. लसीकरणात याच्या उलट घडते. लस घेणाऱ्यामुळे इतरांनाही काही प्रमाणात संरक्षण मिळते, पण त्याचा मोबदला त्याला मिळत नाही. त्यामुळे केवळ बाजारावर विसंबल्यास लसीकरण समाजाच्या गरजेपेक्षा कमी होते. सरकारी खर्चाने मोफत लस देण्यामागील हे प्रमुख आर्थिक कारण आहे.

घरी थांबण्याचा लाभही समाजाला आणि तोटा व्यक्तीला होतो. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत रोजगार बुडालेले असंख्य स्थलांतरित मजूर मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतून पायीच गावाकडे निघाले. विलगीकरणातील बुडीत मजुरीची भरपाई या दृष्टीने दानधर्म ठरत नाही. ती इतरांना मिळालेल्या संरक्षणाची किंमत असते.

माहितीलाही हेच लागू पडते. दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन या उत्परिवर्तित विषाणूची माहिती तत्परतेने जाहीर केली. तिचा लाभ जगाला झाला, तर त्या देशाच्या वाट्याला प्रवासबंदी आली. १९९४ मधील सुरतच्या प्लेगच्या वेळी भारताच्या पर्यटनाला आणि निर्यातीलाही असाच फटका बसला होता.