बोरिवलीच्या कातळात बायबल

मेट्रोच्या मंडपेश्वर स्थानकावर तुमचा वर्ग उतरतो. आजच्या सहलीचा विषय बायबलशी नातं असलेल्या प्राचीन जागा. यरुशलेम आणि गालील लांब राहिले, म्हणून इतिहासाच्या बाई तुम्हाला बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीपाशी घेऊन आल्या आहेत. टेकडीच्या कुशीत लेणं, माथ्यावर जुन्या चर्चच्या पडक्या भिंती. मंडपात शिरून तुम्ही एका खांबापाशी बसता. बाहेरचा रिक्षांचा आवाज हळूहळू विरतो.

त्या जागी छिन्नीचा आवाज येऊ लागतो. सहाव्या शतकाचा सुमार आहे. पाथरवट वरून खाली खोदत येतायत. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. समोरून दहिसर नदी वाहते आहे, अगदी निर्मळ. त्या पाण्यात तुम्ही हात धुता, आणि मागे वळून पाहता तर भिंतीतून अनेक हातांचा शंकर नाचत बाहेर येतोय. गाभाऱ्यात पिंडी बसते, दिवा लागतो, आणि तो सुमारे हजार वर्षं तेवतो.

मग 1534 साल उजाडतं. गुजरातचा सुलतान बहादूरशाह वसई आणि ही टेकडी ज्यावर आहे ते साष्टी बेट पोर्तुगीजांना देऊन टाकतो. त्यानंतर काही वर्षांतच कमरेला दोरी बांधलेला एक फ्रान्सिस्कन पाद्री ही टेकडी चढून येतो. त्याचं नाव आंतोनियो दो पोर्तो. पुढचं नीट पाहा, नजर वळवू नका. देवळाचं चर्च होतं. नाचणाऱ्या शिवापुढे भिंत उभी राहते. दुसऱ्या एका शिल्पावर छिन्नी चालते आणि त्यातून मोठा क्रूस कोरला जातो. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव देवळाचं उत्पन्न पाद्र्यांना तोडून देतो. त्यावर अनाथ आणि नवख्रिस्ती मुलांसाठी इथे मठ आणि विद्यालय चालतं. ज्यांचा देव गेला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हा अन्याय होता, आणि तो तुमच्या वहीत याच शब्दांत उतरायला हवा.

पण आता तुम्ही त्या मुलांच्याच रांगेत बसला आहात. शेजारचा पोरका मुलगा आसपासच्या कुठल्याशा गावातला. शेत आणि खाडी सोडून त्याने काही पाहिलेलं नाही. पाद्री मोडक्या बोलीत गोष्ट सांगतोय. चाळीस दिवस पाऊस पडला, सगळं बुडालं, एक तारू तेवढं तरंगत राहिलं. मुलगा मान डोलावतो. पुराचं पाणी त्याला कुणी समजावून सांगायला नको. मग सुताराच्या घरी वाढलेल्या येशूची गोष्ट येते, कोळ्यांना हाक मारून सोबत नेणाऱ्याची. मुलगा पुढे सरकून बसतो. मला या सगळ्या प्रवासात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. सत्तेने लादलेली गोष्टही ऐकणाऱ्याच्या मनात स्वतःची जागा करू शकते. साष्टीतल्या शेतकरी-कोळी घरांनी ती मनापासून आपली केली. आज त्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणून ओळखतो.

आणखी शंभरेक वर्षं पुढे या. इस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. ओटीवर दिवा, भोवती लुगडं नेसलेल्या बायका, आणि एकजण पुराण म्हणतोय. पिलातासमोरचा येशू, खांद्यावरचा क्रूस, खाली उभी असलेली आई. फ्रान्सिस्को वास द गिमाराइश यांचं हे ख्रिस्तपुराण इथल्या बोलीतल्या मराठीत रचलेलं, 1659 साली लिस्बनमध्ये रोमन लिपीत छापलेलं. गोव्याकडे थॉमस स्टीफन्स यांनी आपलं मराठी ख्रिस्तपुराण त्याआधीच, 1616 मध्ये प्रसिद्ध केलं होतं. मराठी साहित्याच्या इतिहासात स्टीफन्सना मानाचं पान मिळालं. गिमाराइश मात्र विसरले गेले. मुंबईच्या उपनगरांतल्या शाळांनी तरी त्यांना विसरू नये.

1737. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी जिंकली. दोन वर्षांनी, मे 1739 मध्ये, वसईही पडते. पाद्री निघून जातात, लेण्यात पुन्हा शिवाची पूजा सुरू होते. 1774 च्या डिसेंबरात साष्टी इंग्रजांकडे जाते. पुढे शिवासमोरची भिंतही हटते. डोंगराच्या बाजूला इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची घंटा वाजते. आय. सी. कॉलनीतली ती दोन अक्षरं याच चर्चची.

डोळे उघडा. नटराज झिजलाय, तरी त्याचा तोल कळतो. क्रूसही जागेवर आहे. गाभाऱ्यात कुणीतरी बेल वाहून गेलंय. मैदानात पोरं क्रिकेट खेळतायत. आणि ज्या नदीत तुम्ही हात धुतलेत, ती आज सांडपाण्याने काळी झाली आहे.

सहल इथे संपवू नका. अंधेरीला सीप्झच्या कुंपणाआड सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. योहानाच्या नावाने जेझुइटांनी ते 1579 मध्ये बांधलं, 1840 च्या साथीनंतर गावकरी मरोळकडे सरकले आणि ते ओस पडलं. एरवी तिथे आत सोडत नाहीत, पण शाळेने रीतसर परवानगी मागून पाहावी.

मंडपेश्वर मात्र कुणालाही खुलं आहे, तिकीटही नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ते संरक्षित स्मारक आहे. शिक्षकांनो, बोरिवली-दहिसरच्या प्रत्येक वर्गाला शाळा सोडण्याआधी एकदा तरी इथे आणा. शिव आणि क्रूस दोन्ही दाखवा, एक कसा पुसला गेला आणि दुसरा कसा रुजला हेही सांगा. आणि मुलांनो, भिंतीवर नाव कोरू नका. या भिंतींनी छिन्नीचे घाव पुरेसे सोसले आहेत.