नारळ उभा राहिला, पण पाणी लागलं का?

मंडळी, आज एक शुद्धिपत्र देतोय. माझ्याच बातमीचं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मायोराना १’ नावाची चिप जाहीर केली. त्याच रात्री मी इथं घाईघाईत लिहिलं, ‘पदार्थाची नवी अवस्था सापडली!’ पोस्ट भरपूर शेअर झाली. दोन दिवसांनी शाळेत मला विज्ञान शिकवलेल्या सरांचा फोन आला. "मूळ लेख वाचलास का रे?" म्हणलं, नाही सर. "मग सापडली म्हणून कुणी सांगितलं तुला?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग सवडीनं वाचत गेलो. जे कळलं ते सांगतो.

१९३७ मध्ये इटलीच्या एत्तोरे मायोरानाने कागदावर एक अजब कण मांडला, जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये तो पालेर्मोहून नेपल्सला निघाला आणि नाहीसा झाला. त्याचं पुढं काय झालं, यावर आजही वाद आहे.

२००१ मध्ये अलेक्सी किताएव या शास्त्रज्ञाने दाखवलं, की असं काहीतरी एका बारीक तारेच्या दोन टोकांवर अवतरू शकतं. अर्धं या टोकाला, अर्धं त्या टोकाला. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, तसंच. एका टोकाला धक्का बसला तरी आतली माहिती शाबूत राहते. क्वांटम संगणकाचं मोठं दुखणंच हे आहे, की जराशा उष्णतेने त्यातली माहिती पुसली जाते. म्हणून सगळे या तारेच्या मागे लागले.

२०१० मध्ये दोन गटांनी कृती लिहून दिली. एका गटात अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे शंकर दास सर्मा आणि जय साउ हे आपले भारतीयही होते. केसापेक्षा शेकडो पट बारीक अशी अर्धवाहकाची तार घ्या, तिला अतिवाहक चिकटवा, चुंबकक्षेत्र द्या आणि सगळं निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करा. अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते तो पदार्थ. हा गुण १९११ मध्ये कामर्लिंग ऑनस यांना उणे २६९ अंशांवरच्या पाऱ्यात दिसला होता.

२०१२ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये लिओ कौवेनहोवन यांच्या गटाला आलेखाच्या बरोबर मध्यभागी, शून्य व्होल्टेजवर, एक शिखर दिसलं. लेखाच्या मथळ्यात त्यांनी सावधपणे ‘खुणा’ असाच शब्द वापरला.

तेच २०१२ साल आपल्याला वेगळ्या कारणानं आठवतं. दुष्काळ. आमच्या वडिलांनी पाणाड्या बोलावला. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, आम्ही सगळ्यांनी बघितला. बोअर चारशे फूट गेलं, वर आली नुसती धूळ. कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. पाणाड्या लबाड नव्हता. त्यालाही पाणी हवं होतं, आम्हालाही.

डेल्फ्टचं शिखर म्हणजे असाच उभा राहिलेला नारळ. पुढं लक्षात आलं, की तारेतल्या अशुद्धीमुळे, साध्यासुध्या अवस्थांमुळेही तसंच शिखर येऊ शकतं. २०१८ मध्ये त्याच गटाने ‘नेचर’मध्ये दावा केला, की शिखराची उंची सिद्धांताने सांगितली तेवढीच भरली. मग सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मौरिक यांनी सगळी आकडेवारी मागितली. यातले मौरिक म्हणजे २०१२ च्या लेखाचे पहिले लेखक. छापलेल्या आलेखाबाहेरही मोजमापं निघाली आणि ती दाव्याशी जुळत नव्हती. मार्च २०२१ मध्ये लेख मागे घेतला गेला. तज्ज्ञ समितीला मुद्दाम केलेली लबाडी सापडली नाही. उत्साहाच्या भरात हवं तेच पाहिलं गेलं, असं त्यांचं मत पडलं.

आणि २०२५ ची चिप? ‘नेचर’मधल्या त्या लेखासोबतच संपादकांची नोंद होती, की हे निष्कर्ष मायोराना अवस्था असल्याचा पुरावा ठरत नाहीत. ती नोंद जाहीर होती, सगळ्यांना वाचायला खुली. मी वाचली नव्हती.

हे सगळं लांबचं वाटेल, पण नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशा बारीक अर्धवाहक तारा बनवून अभ्यासल्या गेल्यात. तिथल्याच शास्त्रज्ञांनी बिस्मथ धातू निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अर्धा सहस्रांश अंशाइतका थंड केला आणि तोही अतिवाहक होतो हे दाखवलं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. हा आपल्या करांचा पैसा आहे. त्यामुळे उद्या ‘सापडलं’ अशी बातमी आली, की सापडलं की खूण दिसली, हे विचारायचा हक्क धाराशिवच्या माणसालाही आहे. आणि विचारून मग लिहायचं काम माझं आहे.

तर दुरुस्ती अशी : माझ्या त्या पोस्टमध्ये ‘सापडली’ या शब्दाच्या जागी ‘सापडल्याचा कंपनीचा दावा, पुरावा बाकी’ असं वाचावं. जुनी पोस्ट काढलेली नाही, तिच्या खाली ही दुरुस्ती जोडली आहे. ज्यांनी शेअर केली होती, त्यांनी हीसुद्धा करावी.

सर, आता मूळ लेख वाचलाय. अर्धा कळला. उरलेला समजून घ्यायला रविवारी येतो.