मंगळयानामागचे हात

मंगळ म्हटला की आपल्याकडे आधी पत्रिका उघडते. श्रोतेहो, त्या ग्रहाची स्वतःची पत्रिका, म्हणजे त्याचा पृष्ठभाग आणि पूर्वेतिहास, वाचावयास 5 नोव्हेंबर 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघाले. खर्च सुमारे 450 कोटी रुपये. शास्त्रज्ञांचे कौतुक झाले; ते रास्तच होय.

परंतु तळवलीसमोरच्या खाडीपलीकडे विक्रोळी आहे. तेथील गोदरेजच्या कारखान्याने अग्निबाणाच्या द्रव इंधनाच्या इंजिनाचे काम केले. अग्निबाणाच्या मोटारींची कवचे घडविणारे वालचंदनगर तर मूळचे साखरेचे गाव! वेल्डरचा एक सांधा कच्चा राहिला तर गणित कितीही अचूक असून काय उपयोग? सत्कारसमारंभात मात्र वेल्डर सहसा शेवटच्या रांगेतही नसतो.

यानाचे मुख्य इंजिन सुमारे 300 दिवस निद्रिस्त होते. 22 सप्टेंबर 2014 रोजी ते चार सेकंद पेटवून पाहिले, पेटले! 24 तारखेस यान मंगळाच्या कक्षेत शिरले. तेथील विझलेल्या ज्वालामुखींची, प्रचंड दऱ्यांची छायाचित्रे त्याने धाडली. सहा महिन्यांच्या बोलीवर गेलेला हा गडी साडेसात वर्षे राबला. एप्रिल 2022 मधल्या दीर्घ ग्रहणानंतर त्याचा संपर्क तुटला.