पंचवीस सेंटचा विरंगुळा

आज जाऊया अमेरिकेत, १९३२-३३च्या हिवाळ्यात. महामंदीतला हा सगळ्यात वाईट हिवाळा. दर चार कामगारांमागे साधारण एक जण बेकार. बाहेर कडाक्याची थंडी, खिसा रिकामा. मग घरात बसून लांबलचक संध्याकाळ घालवायची कशी?

उत्तर मिळालं वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर. पुठ्ठ्याचं जिगसॉ पझल! खेळ तसा जुनाच. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर नकाशे चिकटवून त्यांचे तुकडे केले, ते मुलांना भूगोल शिकवायला. पण लाकडाचा एकेक तुकडा करवतीने कापायचा, म्हणून पझल महाग पडायचं. पुठ्ठा मात्र साच्याने एका दाबात कापला जायचा. त्यामुळे दर आठवड्याला नवं चित्र २५ सेंटला मिळू लागलं. तेही परवडत नसेल, तर औषधाच्या दुकानातून किंवा वाचनालयातून भाड्याने आणायचं. काही पझलसोबत तर छोटी रहस्यकथा यायची. गुन्हेगार कोण, ते चित्र जुळवल्यावरच कळायचं! १९३३च्या सुरुवातीला खप पोचला आठवड्याला एक कोटीवर.

याची दुसरी बाजूही बघा. काम गेलेल्या कित्येक सुतारांनी घरीच करवत चालवून लाकडी पझलं बनवली, विकली, भाड्याने दिली. म्हणजे एका घरात ज्या तुकड्यांनी संध्याकाळ सरायची, त्याच तुकड्यांवर दुसऱ्या घरातली चूल पेटायची.