पाण्याचे किरणीय विघटन : एका विसंगतीचा इतिहास

रेडियम-लवणांच्या विद्रावातून वायूचे बुडबुडे अखंड निघत राहतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच रसायनज्ञांच्या ध्यानी आले होते. तो वायू म्हणजे मुख्यतः हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे मिश्रण. प्रारणाने पाण्याचा रेणू भंग पावतो, हा निष्कर्ष त्यातून सहजच निघाला. देब्येर्न याने १९१४ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले: रेणूचे प्रथम एच् व ओएच् असे मूलक होतात, असे त्याने सुचविले. या सूचनेची उपेक्षाच झाली, व पुढील तीस वर्षांची चाचपड पाहता ती महाग पडली असे म्हणावे लागते.

कारण क्ष-किरणांनी निराळीच साक्ष दिली. ह्यूगो फ्रिके याच्या प्रयोगांत वायुरहित शुद्ध पाणी क्ष-किरणांखाली जवळजवळ अविकृत राहिले; मात्र त्याच किरणांनी विद्रावातील फेरस लवणाचे फेरिक लवण होई. मग पाणी भंगते की नाही? फ्रिकेने 'उत्तेजित जला'ची कल्पना पुढे केली. ती टिकली नाही. परंतु त्याचा फेरस विद्राव प्रारणमात्रेचे माप म्हणून आजही वापरात आहे.

जोसेफ वाइस याने १९४४ मध्ये मूलकांची उपपत्ती पुन्हा मांडली, आणि विसंगतीचा उलगडा ऍलन याने १९४८ च्या सुमारास केला. अणुभट्टीतील पाणी विघटन पावून स्फोटक वायू साठतील काय, ही चिंता त्या काळी प्रत्यक्ष होती. आल्फा-कणाच्या मार्गात मूलक दाटीने निर्माण होतात व परस्परांशी संयोग पावून हायड्रोजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देतात. क्ष-किरणांच्या मार्गात ते विरळ असतात. त्यामुळे बरेचसे मूलक निसटून त्याच दोन पदार्थांवर शृंखला-अभिक्रियेने आघात करतात व पुन्हा पाणीच होते. पाणी भंगत नव्हते असे नाही. ते भंगून पुन्हा जुळत होते. ब्रोमाइडचा लेश मिसळताच तो मूलकांना अडवितो, शृंखला तुटते आणि विघटन उघड दिसू लागते. उलटपक्षी, दाबित-जल अणुभट्ट्यांच्या पाण्यात हायड्रोजन मुद्दाम विरघळवितात, तो ही शृंखला चालू राहावी म्हणूनच.

देब्येर्नच्या एच् मूलकाला मात्र १९६२ मध्ये बाजूस सरावे लागले. हार्ट व बोग यांनी इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक स्पंदाने पाणी प्रारित केले, तेव्हा सुमारे ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या परिसरात एक तीव्र शोषणपट्ट आढळला. तो जलवेष्टित इलेक्ट्रॉनाचा होता. त्याच वर्षी चापस्की व श्वार्त्झ यांनी, विद्रावातील आयनबलानुसार अभिक्रियेचा वेग कसा पालटतो हे तपासून, मुख्य क्षपणकारी घटकावर एक ऋण भार असल्याचे सिद्ध केले. उदासीन हायड्रोजन-अणूस असा भार असणे शक्य नव्हते.