कातकाम, लाकडाचे

फिरत्या लाकडावर पटाशी धरून त्याला गोल घाट देण्याची कला. करणारा तो कातारी. पोळपाट, लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर ही त्याची नेहमीची कामे. महाराष्ट्रात या कामाचे नाव सावंतवाडीने (जि. सिंधुदुर्ग) राखले. तेथील चितार आळीत लाकडी फळे व खेळणी आजही विकली जातात. फळांसाठी हलका, मऊ पांगारा वापरण्याची रीत आहे. लाखकामात लाखेची रंगीत कांडी फिरत्या वस्तूवर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि केवड्याच्या पानाने घासली की झळाळते. ब्रशला अशी चकाकी साधत नाही.

मोटारीवरील लेथ व चक्राकार करवत आल्यावर तुकडे जोडून नक्षीदार वाडगी, फुलदाण्या करणे शक्य झाले. येथे खरी कसोटी कोनाची. बारा तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक टोक 15 अंशांत कापावे लागते. दर कापात दहावा हिस्सा अंश चुकला तरी चोवीस कापांत 2.4 अंशांची फट उरते, आणि ती सरसाने बुजवून चालत नाही. म्हणून कोन एकदा पक्का करून तुकडा सरकत्या जिगमध्ये बसवतात; लांबीसाठी ठोकळ्याचा अडसर लावतात. हाताच्या अंदाजावर काहीच सोडत नाहीत. लाकूड मात्र पुरते वाळलेले हवे, कारण ते तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसते आणि अचूक बसलेला सांधाही नंतर उघडतो.